‘दिवसाला चार ओळी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोठ्या कंपनीतल्या कामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “दिवसाला चार ओळी लिहायच्या, बाकी वेळ मीटिंगा आणि रिव्ह्यू. याला इंजिनिअरिंग नाही, फुकट पगार खाणं म्हणतात.” मतभेद असू शकतात. पण ज्याला तुम्ही ओळखत नाही, त्याला फुकट खाणारा ठरवणारे तुम्ही कोण? हेच नीट शब्दांत विचारता आलं असतं.

मीटिंगा जास्त होतात, हे मान्य. कोडच्या ‘चार ओळीं’चा टोमणा मात्र मी सोडणार नाही. रिव्ह्यूचाही नाही, म्हणजे एकाचा बदल दुसऱ्याने तपासण्याचा.

चालू डेटाबेसमधल्या (ग्राहकांची माहिती ज्या तक्त्यांत साठवतात त्यातल्या) एका कॉलमचं नाव बदलायचंय असं धरा. घरच्या प्रोजेक्टमध्ये एक कमांड मारली की झालं. आमच्याकडे नवा कोड सगळ्या सर्व्हरवर एकाच क्षणी पोहोचत नाही. काही काळ जुना आणि नवा दोन्ही चालू असतात. नाव थेट बदललं की जुना कोड तिथल्या तिथे कोसळतो. म्हणून आधी नवा कॉलम वाढवायचा, दोन्हींत लिहायला लागायचं, जुना डेटा थोडा थोडा करून तिकडे भरायचा (एकदम भरला तर टेबल लॉक होऊन, म्हणजे तो तक्ता तेवढा वेळ अडकून, ग्राहक ताटकळतात), मग वाचन नव्यावर न्यायचं आणि जुना कोणीच वाचत नाही याची खात्री पटली की तो काढायचा. प्रत्येक टप्पा दोन-चार ओळींचाच. मधले दिवस सगळं नीट चाललंय का हे दाखवणारे ग्राफ नुसते बघण्यात जातात, आणि तेही कामच आहे.

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला. तिथला वापरातून गेलेला जुना कोड चालू झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर पैसे गेले. कोड सगळीकडे पोहोचला का, हे दुसऱ्या कोणी तपासलं नव्हतं. तपासावं असा लेखी नियमही नव्हता. तुम्ही हिणवता तो रिव्ह्यू तिथे हवा होता.

आणि मला ‘खरं कोडिंग’ शिकवू नका. माझी सुरुवात मूठभर माणसांच्या कंपनीत झाली. तिथे मी दिवसाला शेकडो ओळी लिहून शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमवर) टाकल्यात. ऑन-कॉल असताना, म्हणजे बिघाड झाला तर धावायची पाळी माझी असताना, मध्यरात्री उठून दुसऱ्याचा कोड रोलबॅकही केलाय (मागे घेतलाय). दोन्हीकडचं काम मी केलंय, म्हणून बोलतोय.

पगार, बढत्यांचं राजकारण, एआय वगैरे तुमच्या बाकी वाक्यांत मुद्दा कमी आणि राग जास्त आहे. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

तुमच्याकडे प्रॉडक्शनवर जाणारा बदल दुसरं कोण तपासतं, ते लिहा. त्यावर जरूर बोलू. ‘फुकट’ची भाषा पुन्हा आली तर मात्र प्रतिक्रिया काढून टाकेन.