चाळिशीनंतर जिवलग मित्र हवाय? आधी एक इमारत उडवा

चहाला बोलवायचं, ख्यालीखुशाली विचारायची, असल्या फुटकळ उद्योगांनी पुरुषांची मैत्री होत नसते. हॉलिवूडने यासाठी रीतसर विधी घालून दिलाय. १९८७चा ‘लीथल वेपन’ लावा आणि वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात मारामारीने करायची. मर्टो हा लॉस एंजेलिसचा पन्नाशी गाठलेला पोलीस. (ही भूमिका करणारा डॅनी ग्लोव्हर तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता; पण सिनेमातला थोरला पोलीस निवृत्तीला आल्यासारखा कण्हणारा हवा.) त्याला रिग्ज पहिल्यांदा दिसतो तो हातात पिस्तूल घेतलेला. कुणी गुन्हेगार घुसला असं समजून मर्टो अंगावर धावतो आणि पुढच्या क्षणी स्वतःच उताणा. मग कळतं, हाच आपला नवा जोडीदार.

पत्रिका अजिबात जुळता कामा नये. एकाला बायको, तीन मुलं, दारात होडी. दुसरा विधुर, समुद्रकिनाऱ्यावरच्या ट्रेलरमध्ये कुत्र्यासोबत राहणारा, जिवावर उदार झालेला. ‘रश अवर’ या अशाच बेमेळ पोलीस-जोडीच्या सिनेमात तर भांडणाला गाडीतला रेडिओसुद्धा पुरतो.

एवढं जमलं की नुकसान करायला लागा. मालमत्ता शक्यतो दुसऱ्याची असावी. ‘लीथल वेपन’च्या दुसऱ्या भागात रिग्ज टेकडीवरचं, खांबांवर उभं असलेलं अख्खं घर पिकअप ट्रकला बांधून खाली ओढतो. तिसऱ्यात (१९९२) मर्टोच्या निवृत्तीला आठ दिवस राहिलेत, तरी रिग्ज बॉम्बपथकाची वाट न बघता नको ती वायर कापतो. इमारत जमीनदोस्त. शिक्षा काय, तर दोघांना गणवेश चढवून गस्तीवर पाठवतात. पंचनामा कुणी लिहिला, भरपाई कुणाच्या पगारातून कापली, हे विचारणाऱ्याने माहितीपट बघावेत.

आता मुख्य धडा. एकमेकांच्या जवळ यायचंच असेल, तर स्फोटाची तजवीज आधी हवी. घर ओढून पाडलं त्या दुसऱ्या भागातच मर्टो कमोडवर बसतो आणि लक्षात येतं की खाली बॉम्ब आहे, उठला की खेळ खलास. बाहेर सगळं बॉम्बपथक जमलेलं, आत एक बाप्या चड्डी घोट्याशी घेऊन बसलेला आणि दुसरा त्याला सोडून जायला तयार नाही. शेवटी द्रवरूप नायट्रोजनने एक-दोन सेकंदांची सवलत मिळते, रिग्ज त्याला ओढून बाथटबमध्ये झेप घेतो आणि कमोड खिडकीतून बाहेर उडतो. टबात एकमेकांवर पडलेले असताना मर्टोला पहिली काळजी कसली? तर आपल्याला असं कुणी पाहिलं तर!

बॉम्ब नसला की काय होतं, ते मी घरी बघते. नवऱ्याच्या कॉलेजपासूनच्या मित्राची नोकरी गेली. याने तीन दिवस धीर गोळा करून फोन लावला.

“काय रे?”

“काही नाही.”

“मजेत?”

“मजेत.”

“बरं, ठेवतो.”

मग टीव्हीसमोर बसून कितव्यांदा तरी ‘लीथल वेपन’चा पहिला भाग. शेवटी रिग्ज नाताळची भेट म्हणून मर्टोसाठी एक गोळी देतो, रिबीन बांधून. स्वतःला संपवायला जपून ठेवलेली गोळी. नेमक्या तिथेच आमच्याकडच्याला दरवेळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जावं लागतं, आणि एक ग्लास प्यायला बराच वेळ लागतो.

आमच्या सोसायटीतली जुनी विंग रीडेव्हलपमेंटसाठी पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. मित्राला त्या दिवशी बोलावून घे म्हटलंय.