किडनीची सूज आणि 'पाणी कमी पाजा': खुलासा

'मुलाच्या किडनीला सूज असेल तर पाणी कमी पाजा. लघवी भरपूर होतेय म्हणजे किडनी ठणठणीत' हा मेसेज परवा मीही पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. (इथे सूज म्हणजे लघवी तुंबून किडनी फुगणं.)

किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींत ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात, म्हणजे पाण्याच्या रेणूपुरत्या चिंचोळ्या वाटा. (या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं.) मेंदूकडून हार्मोनचा निरोप आला की ॲक्वापोरिन-२ पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि लघवीतलं पाणी शरीरात परत घेतलं जातं. मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जन्मजात अडथळा असलेल्या मुलांच्या ऑपरेशनवेळी घेतलेल्या किडनीच्या तुकड्यांत ही प्रथिनं कमी आढळली आहेत. तुंबलेली किडनी पाणी राखायलाच कमी पडते. शिवाय दुसरी किडनी चांगली असली तर ती सगळा भार उचलते, म्हणून लघवीवरून काहीच कळत नाही. अडथळा काढल्यावर काही मुलांना धो धो लघवी होते. तेव्हा पाणी तोडलं तर मूल सुकतं.

सौम्य सूज पुष्कळदा आपोआप उतरते, पण ते सोनोग्राफीवर कळतं, लंगोट मोजून नाही. किती पाजायचं ते डॉक्टरांनाच विचारा. माझा मेसेज मी काढलाय. तुम्ही तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर तिथे हे टाका.