थकवा वेगळा, बर्नआउट वेगळं

बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणं, कसं टाळायचं यावर एक लेख वाचला. कामाची गर्दी असेल तेव्हा पहाटे उठून दोन तास जास्त मिळवा आणि कामांची यादी करा, असं त्यात होतं. पहाटे उठण्याचा सल्ला मला पटला नाही. ते दोन तास झोपेतूनच वजा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीत तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि कामाची परिणामकारकता घटणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही, त्याचा हा परिणाम मानते. मग सगळा भार कर्मचाऱ्याच्या शिस्तीवर का टाकायचा?

माझ्या बाबतीत आधी दुरावा आला. सहकाऱ्याने साधं काही विचारलं तरी टोचायचं. सुट्टीत झोप काढून थकवा गेला, ते टोचणं गेलं नाही. शेवटी वरिष्ठांसमोर कामांची यादी ठेवली आणि विचारलं, यातलं काय या आठवड्यात नाही झालं तरी चालेल? सातपैकी तीन कामं तिथेच पुढे ढकलली गेली. यादी करा असं लेखात आहे, ते योग्यच. पण ती स्वतःपुरती ठेवू नका.