नव्वद लाख चेटकिणी आणि एक फॉरवर्ड

ऑक्टोबर लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात: कोजागरीच्या मसाला दुधाचे फोटो आणि अमेरिकेतल्या चेटकिणींचा फॉरवर्ड. यंदा तो साताऱ्याच्या मामांनी टाकला आणि खाली खास माझ्यासाठी लिहिलं, "तू बॉस्टनजवळ राहतेस, जपून राहा गं." मजकूर साधारण असा:

"अमेरिकेत विक्का नावाचा चेटकिणींचा पंथ झपाट्याने पसरतोय. हे लोक सैतानाची पूजा करतात. वर्तुळातली पाच टोकांची चांदणी ही त्यांची खूण. 31 ऑक्टोबरच्या रात्री बळी देतात. पूर्वी चर्चने अशा 90 लाख चेटकिणी जाळल्या, तरी हजारो वर्षांचा हा पंथ संपला नाही. आता तिथल्या सरकारनेच त्याला धर्म म्हणून मान्यता दिलीय. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणून आपण वाचलोय. पुढे पाठवा."

मामांना फोनवर समजावून झालं. पण हाच मजकूर आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, मी विक्कन नाही. मेणबत्ती लावून चार ओळी पुटपुटल्या की नोकरी लागते, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण न पटणं वेगळं आणि नसते आळ घेणं वेगळं.

"सैतानाची पूजा करतात."

सैतान हे पात्र बायबलच्या परंपरेतलं. त्याला पूजायचं तर आधी ती कथा खरी मानावी लागते, आणि विक्कात ती कथाच नाही. तिथे एक देवी आहे, चंद्राच्या कलांसारखी कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांतली. आणि एक शिंगवाला देव आहे, रानाचा, शिकारीचा, जनावरांचा. सगळा घोळ या शिंगांनी घातलाय. शिंगं दिसली की जुन्या युरोपियन डोळ्याला सैतान दिसायचाच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लुदोविको दी वार्थेमा नावाचा इटालियन प्रवासी कालिकतला आला होता. तिथल्या राजाच्या देवघरातली मूर्ती पाहून त्याने लिहून ठेवलं की हा राजा सैतानाला भजतो. त्याच्या वर्णनात त्या मूर्तीला चार शिंगं आणि चार दात आहेत. पुढे युरोपात त्या वर्णनावरून चित्रंही छापली गेली. म्हणजे ज्या फूटपट्टीने तेव्हा आपले देव मोजले गेले, तीच आज आपण दुसऱ्याच्या देवाला लावतोय.

सैतानाचं नाव घेणारी मंडळी अमेरिकेत आहेत, नाही असं नाही. 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लाव्हे याने 'चर्च ऑफ सेटन' काढलं. गंमत म्हणजे सैतान खरोखर आहे असं तेही मानत नाहीत. त्यांच्या लेखी ते एक प्रतीक. त्यांचा विक्काशी संबंध नाही.

"वर्तुळातली चांदणी ही त्यांची खूण."

हे बरोबर आहे. पृथ्वी, वायू, अग्नी, जल आणि आत्मतत्त्व अशी पाच टोकं, भोवती वर्तुळ. ती सैतानाची खूण मात्र नव्हे. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी काव्यात हीच पाच टोकांची आकृती ख्रिस्ती वीराच्या ढालीवर आहे आणि तिचा एक अर्थ येशूच्या पाच जखमा असा दिलाय. इथे दारात स्वस्तिक काढल्यावर शेजाऱ्याचा चेहरा कसा होतो हे परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मी स्वतः एका दिवाळीत पायरीवरच्या रांगोळीचं स्पष्टीकरण द्यायला अर्धा तास थंडीत उभी राहिलेय.

या चांदणीवरून अमेरिकेत एक खरोखरीचा खटला झाला. सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट हा नेवाडाचा सैनिक सप्टेंबर 2005 मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडलं गेलं त्यात मारला गेला. तो विक्कन होता. माजी सैनिकांच्या दफनभूमीत स्मृतिफलकावर आपापल्या धर्माचं चिन्ह कोरून मिळतं. सरकारी यादीत कितीतरी चिन्हं होती, अगदी नास्तिकांसाठीही होतं. चांदणी नव्हती. बायकोने मागितली तर मिळेना. भिंतीवर बाकीच्यांचे फलक आणि याची जागा रिकामी, असं वर्षाहून जास्त काळ चाललं. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल 2007 मध्ये सरकारने तडजोड करून ते चिन्ह यादीत घेतलं. लढाईवर पाठवताना त्याचा धर्म कुणाला खुपला नव्हता.

"31 ऑक्टोबरच्या रात्री बळी देतात."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. पेशाने नर्स, वय साठीच्या पुढे, आणि विक्कन. दोन वर्षांपूर्वी त्याच रात्री त्यांनी मला घरी बोलावलं होतं. या सणाला ते 'साव्हिन' म्हणतात, त्यांच्या वर्षातल्या आठ सणांपैकी एक. एका बुटक्या कपाटावर काळं कापड, चार दिशांना चार वस्तू: उदबत्ती, मेणबत्ती, पाण्याची वाटी, मिठाची वाटी. मध्ये त्यांच्या आजीचा फोटो. जेवणाच्या टेबलावर एक पान जास्तीचं मांडलेलं, त्यावर मक्याचा पाव आणि सफरचंद. ते पान गेलेल्यांसाठी. मी म्हटलं, आमच्याकडे हे गेल्याच महिन्यात झालं, फक्त आम्ही कावळ्याला घालतो. त्यांना कावळ्याची कल्पना फार आवडली.

कपाटावर काळ्या मुठीची एक सुरी होती, दुधारी. मी विचारलं, हिने काय कापता? "काही नाही," त्या म्हणाल्या. ती फक्त पूजेचं वर्तुळ हवेत आखायला. सफरचंद कापायला त्या उठून स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आल्या.

त्यांचं एकच मुख्य वचन आहे: कुणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर. माणसं वचनाप्रमाणे वागतातच असं नाही, हे आपल्याला आपल्या धर्मावरूनही ठाऊक आहे. म्हणून वचन बाजूला ठेवू आणि पुरावा बघू. 1980च्या दशकात अमेरिकेत हाच फॉरवर्ड व्हॉट्सअॅपशिवाय पसरला होता: गुप्त सैतानी टोळ्या, तळघरं, बालबळी. कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन बालवाडीचा खटला 1983च्या तक्रारींपासून 1990 पर्यंत रेंगाळला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी अशा आरोपांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून 1992 मध्ये अहवाल लिहिला. बळी देणाऱ्या संघटित पंथाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

पण त्या अफवेने माणसं गिळली. 1993 मध्ये आर्कान्सासमधल्या वेस्ट मेम्फिस गावी आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला. गाव हादरलं आणि संशय गेला डेमियन एकोल्स या अठरा वर्षांच्या पोरावर. काळे कपडे, हेवी मेटल गाणी, विक्काची आवड. त्याला खुनाशी जोडणारा भौतिक पुरावा जवळजवळ नव्हता. कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभा केलेला माणूस टपालाने डॉक्टरेट मिळवलेला होता. एकोल्सला फाशीची शिक्षा झाली, त्याच्या दोन मित्रांना जन्मठेप. 2011 मध्ये तिघे सुटले, तेही अशा अटीवर की आम्ही निर्दोष आहोत असं म्हणत म्हणतच कागदावर गुन्हा कबूल करायचा. तोवर अठरा वर्षं गेली होती. "पुढे पाठवा" लिहिताना हे कुणाच्या डोळ्यासमोर नसतं.

"90 लाख चेटकिणी जाळल्या."

हा आकडा विक्कनांच्या विरोधकांचा नाही, मोठ्या प्रमाणात त्यांच्या समर्थकांनीच मिरवलेला आहे, त्यामुळे इथे त्यांचेही कान धरायला हवेत. 1784 मध्ये क्वेडलिनबुर्ग या जर्मन गावच्या गॉटफ्रीड फोग्ट याने गावच्या दप्तरातले मोजके खटले घेतले आणि सरळ त्रैराशिक मांडलं: इतक्या लोकवस्तीत इतके, तर अख्ख्या युरोपात, इतक्या शतकांत किती? उत्तर आलं 94,42,994. शेवटच्या चौऱ्याण्णवपर्यंत अचूक! पुढे कुणी तपासलं नाही. साधारण 1450 ते 1750 या काळात चाळीस ते साठ हजारांना मृत्युदंड झाला, असं आजचे इतिहासकार मानतात. त्यात पुरुषही होते, आइसलँडमध्ये तर बहुतेक पुरुषच. चाळीस हजार हा आकडा काही लहान नाही. त्याला फुगवायची गरज नव्हती.

आणि त्या चेटकिणी नव्हत्याच, विक्कन तर अजिबात नव्हत्या. आमच्यापासून तासाभरावर सेलम आहे. 1692 मध्ये तिथे एकोणीस जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. जाळलं कुणालाच नाही. तिथल्या स्मारकात दगडी भिंतीतून बाहेर आलेली वीस ग्रॅनाइटची आसनं आहेत, प्रत्येकावर एक नाव आणि तारीख. पहिली तारीख 10 जून, ब्रिजेट बिशप. आत शिरताना पायाखालच्या दगडांत त्यांच्या विनवण्या कोरल्या आहेत, मी निर्दोष आहे, देवाला माहीत आहे, आणि ती वाक्यं भिंतीखाली जाऊन मध्येच तुटतात. ही सगळी ख्रिस्ती माणसं होती. बाहेर पडलं की रस्त्यावर टोकदार टोप्या विकायला असतात आणि पोलिसांच्या गणवेशावर झाडूवरची चेटकीण. मला ते अजून पचलेलं नाही.

"हजारो वर्षांचा पंथ."

मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर हे इंग्रज गृहस्थ याचे जनक. इंग्लंडमधला 1735चा जुना चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांनी उघडपणे पुस्तक लिहिलं. आपल्याला एका प्राचीन गुप्त मंडळाने दीक्षा दिली, असा त्यांचा दावा होता. इतिहासकारांना तो अखंड परंपरेचा धागा काही सापडलेला नाही. म्हणजे विक्का आमच्या मामांहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा.

झपाट्याने पसरण्याबद्दल: तो जिथे जन्मला त्या इंग्लंडमध्ये, वेल्स धरून, 2021च्या जनगणनेत विक्का लिहिणारे सुमारे तेरा हजार निघाले.

"सरकारने मान्यता दिली."

अमेरिकेत सरकार धर्माला परवाने वाटत नाही. 1986 मध्ये एका कैद्याच्या खटल्यात अपील कोर्टाने विक्का हा धर्मच आहे असं म्हटलं. आणि त्याच निकालात, त्याने कोठडीत मागितलेल्या पूजेच्या वस्तू सुरक्षेच्या कारणावरून नाकारल्या. धर्म मान्य म्हणजे सगळंच माफ, असं तिथेही नाही.

"आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे."

आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. 20 ऑगस्ट 2013ला त्यांचा खून झाल्यावर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. पण तो न वाचताच त्याचा दाखला दिला जातो. त्याच्या अनुसूचीत कृत्यांची यादी आहे, श्रद्धांची नाही. त्या यादीत काय आहे? अमुक व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं. एखादी व्यक्ती सैतान आहे किंवा सैतानाचा अवतार आहे असं जाहीर करणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, तिच्यासाठी हे कलम आहे. सेलममध्ये ब्रिजेट बिशपच्या वाट्याला आलं ते याच जातीचं होतं.

फॉरवर्डवर गुन्हा दाखल होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या कायद्याचा तो हवाला देतो, तो चेटकीण म्हणणाऱ्याला धरतो.

हा भाग मामांना पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "अगं, मग सगळ्यांच्या फोनमधून कसा काढायचा तो?" मी त्यांना पायऱ्या सांगितल्या. पण मुदत उलटून गेली होती. तो आता फक्त त्यांच्याच फोनमधून निघत होता.