दुसरी झडप उघडायला काय पैसे पडतात का?

पुण्यात कुठल्याही सार्वजनिक इमारतीत जा, बँक म्हणा, हॉस्पिटल म्हणा, सरकारी ऑफिस म्हणा, दार चांगलं ऐसपैस दोन झडपांचं असतं आणि त्यातली एक झडप कायमची बंद. वरचा बोल्ट लावलेला, खालचा बोल्ट लावलेला, खालच्यात तर इतकी माती बसलेली की तो आता निघणारच नाही, आणि त्या झडपेला टेकून वॉचमनची खुर्ची नाहीतर पाण्याचे रिकामे जार. म्हणजे दार बांधायचं पाच फुटाचं आणि माणसं सोडायची अडीच फुटातून, येणारे आणि जाणारे दोघं तिथेच एकमेकांना "या या, तुम्ही या" करत उभे. विचारलं तर एसी बाहेर जातो, कुत्री आत येतात, आणि हे दोन्ही नसेल तर "पहिल्यापासून असंच आहे".

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला अणकुचीदार खिळे आहेत आणि रोजच्या ये-जा साठी त्याच दारात छोटा दिंडी दरवाजा आहे, ते समजू शकते, तिथे शत्रूचे हत्ती धडकायची भीती होती. पासबुक भरून घ्यायला आलेल्या पेन्शनर काकांची एवढी कसली धास्ती?

आता काचेच्या दाराकडे येऊ. आतून बाहेरून सेम टू सेम लांब स्टीलचं हँडल, बिजागरी कुठे दिसत नाही कारण दार खाली फरशीत बसवलेल्या फ्लोअर स्प्रिंगवर फिरतं, मग माणसाने ओळखायचं कशावरून? हँडल दिसलं की हात ओढणारच ना. दार ढकलायचं असेल तर त्या बाजूला नुसती सपाट पट्टी लावा, धरायला काही नसलं की कोणीही आपोआप ढकलतो, वाचता येवो न येवो. हा काही माझा शोध नाही, डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८८ सालीच यावर सविस्तर लिहून ठेवलंय आणि तिकडे असल्या दारांना त्याच्याच नावाने ओळखतात, बिचाऱ्याने नावं ठेवली आणि दारांना त्याचंच नाव पडलं!

आपल्याकडे काय, पाटी! "दार ओढावे. ढकलू नये. सूचना वाचावी." ए-फोर कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चारी बाजूंनी पिवळी पडलेली सेलोटेप. पुणेरी पाट्यांचं कौतुक मलाही आहे पण दार कसं उघडायचं हे लिहून सांगावं लागतंय याचा अर्थ सुताराचं किंवा आर्किटेक्टचं काम अर्धवट राहिलंय, लोक अडाणी आहेत असा नाही. "दार आदळू नये" ची पाटी तर अजूनच भारी. अहो दार आम्ही आदळत नाही, तुमचा डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारं यंत्र, आदळतो. त्याला एक बारका स्क्रू असतो, स्क्रू ड्रायव्हरने थोडा आवळला की दार सावकाश लागतं, आणि तेल गळून गेलं असेल तर क्लोजर बदलायचा. पाटी टाइप करून प्रिंट काढण्यापेक्षा कमी वेळ लागतो याला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं पण आत्याला वॉकर घेऊन हॉस्पिटलला न्यायला लागल्यापासून माझं हसू गेलंय. ओपीडीचं मेन दार इतकं जड की एका हाताने ते उघडं धरायचं की दुसऱ्या हाताने तिला धरायचं हे ठरवावं लागतं. आणि टॉयलेटचं दार आतल्या बाजूला उघडणारं, वॉकर आत गेला की दार लागतच नाही. आत्या म्हणाली, "राहू दे गं उघडं, या वयात कोण बघतंय." मला इतका राग आला ना, तिचा नाही, ज्याने ते दार तसं बसवलं त्याचा. बरं, आत कोणी चक्कर येऊन दाराशीच पडलं तर बाहेरून ढकलणार कसं? तेही हॉस्पिटलमध्ये, जिथे चक्कर येणारी माणसंच जास्त!

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये आग लागली, ५९ माणसं गेली, बाल्कनीतल्या लोकांना बाहेर पडायचे रस्ते बंद होते. शिकागोत १९०३ मध्ये इरोक्वा थिएटर जळलं तेव्हा सहाशेच्या वर लोक गेले, तिथेही कुलपं, तिथेही न उघडणारी दारं. त्यानंतर अमेरिकेत दारावरचा तो आडवा दांडा रुळला, गर्दीचा नुसता भार पडला तरी दार बाहेर उघडतं, आपल्या मल्टिप्लेक्समध्ये असतो बघा. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्पष्ट आहे, बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत.

मध्ये एका हॉलमध्ये कार्यक्रमाला गेले होते. हिरव्या दिव्यात "एक्झिट", त्याखालच्या दाराला साखळी आणि साखळीला कुलूप. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, किल्ली ऑफिसात असते, आणि ऑफिस सहाला बंद होतं." कार्यक्रम साडेसहाचा होता. त्याच्यावर ओरडून काय करणार, त्याला पोरं फुकटात आत घुसली तर बोलणी बसतात, आग लागली तर काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. मी दुसऱ्या दिवशी हॉलवाल्यांना फोटोसकट लेखी तक्रार दिली, पोच घेतली, आणि फायर ब्रिगेडच्या ऑफिसलाही एक प्रत दिली. तुम्हालाही असं कुलूप दिसलं तर फोटो काढा आणि द्या, तोंडी सांगून हे लोक हलत नाहीत.