‘सुट्टीत आयपीसी पाठ करा’ हा सल्ला लॉच्या विद्यार्थ्याचं नुकसान करतो

बारावीचे पेपर संपले की हा मेसेज फिरू लागतो : “लॉ किंवा क्रिमिनोलॉजीला जायचंय? आयपीसीची १०० कलमं पाठ करा, एन्ट्रन्स निघेल. गणित लागत नाही. आणि क्रिमिनोलॉजीची डिग्री घेतली तरी वकिली करता येते.”

आधी कलमांचं. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना जुन्या आयपीसीऐवजी (भारतीय दंड संहिता) भारतीय न्याय संहिता लागू आहे. आयपीसीत ३०२ असलेलं खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते, म्हणून वकिलाला दोन्ही कायदे माहीत असावे लागतात. बारावीच्या मुलाने मात्र आकडे घोकण्यात सुट्टी घालवू नये.

त्यापेक्षा चोरीचं एकच कलम घ्या, ३०३, आणि फोडून वाचा. जंगम (हलवता येणारी) वस्तू, ती दुसऱ्याच्या ताब्यात, त्याची संमती नाही, अप्रामाणिक हेतू, आणि त्या हेतूने वस्तू हलवणं. हे पाच घटक वहीत एकाखाली एक लिहा. मग कलमाखालचं घड्याळाचं उदाहरण त्यांना लावून बघा. दुरुस्तीचे पैसे थकलेत, म्हणून कारागिराने घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलंय. त्याचं हे तारण बुडवायच्या हेतूने मालक ते परस्पर उचलतो. घड्याळ स्वतःचं, तरीही ही चोरीच, कारण कलम मालकी नव्हे, ताबा बघतं. नुसती व्याख्या घोकलेली मुलं नेमकी इथे अडखळतात.

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्या बारावीनंतरच्या पदवी प्रवेशाच्या पेपरला हीच सवय लागते. साधारण ४५० शब्दांपर्यंतचा उतारा, आणि त्यात दिलेला नियम नव्या प्रसंगाला लावायचा. १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. घरी सराव करताना घड्याळ लावूनच बसा. बाहेरची माहिती उताऱ्यात घुसवली की उत्तर हमखास चुकतं. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, पण कायद्याची माहिती थेट विचारतात. तिच्यासाठी राज्यघटना वाचा : मूलभूत हक्क (अनुच्छेद १२ ते ३५), मार्गदर्शक तत्त्वं (३६ ते ५१), रिटसाठी (हक्कांच्या रक्षणासाठी कोर्ट काढतं तो आदेश) ३२ आणि २२६.

गणित? क्लॅटला साधारण दहा टक्के प्रश्न त्याचेच. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्ते, दहावीच्या पातळीचं.

वकिलीचा दावा तर साफ खोटा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिलची मान्यता असलेल्या एलएलबीवरच मिळते, मग ती पाच वर्षांची असो वा तीन. क्रिमिनोलॉजी हा गुन्ह्याची कारणं शोधणारा वेगळा विषय आहे. त्याची तयारी समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्रातून होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) ‘क्राइम इन इंडिया’ अहवालातला एक तक्ता घेऊन बसा. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी तिथे सर्वांत गंभीर तेवढा एकच मोजतात. आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या सगळ्यांचे नव्हेत. तेव्हा दोन राज्यांची तुलना करताना एकूण आकडा बाजूला ठेवा, दर लाख लोकसंख्येमागचा दर घ्या, आणि तिथे तक्रार नोंदवणं किती सोपं आहे हेही विचारा.