नाउमेद

परवा भाची वक्तृत्व स्पर्धेहून आली ती सरळ आतल्या खोलीत जाऊन बसली. 14 वर्षांची पोर. आईने विचारलं, 'कित्याक रडटा गो?' तर उत्तर नाही. बऱ्याच वेळाने कळलं, परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझ्या मराठीला कोकणी हेल आहे, तू या फंदात पडू नकोस. मला म्हणाली, 'मावशी, मी निराश झाले.'

तिचा तो शब्द मला पटला नाही. नंबर आला नाही म्हणून माणूस निराश होतो. हिला नाउमेद केलं होतं. निराशही कुणी करतं, मान्य. पण निराश केलं म्हणजे अपेक्षा पुरी केली नाही. नाउमेद केलं म्हणजे पुढे पाऊल टाकायची हिंमतच काढून घेतली.

उमेद शब्द फारसीतला. उमेदवारही त्यातलाच. आता तो जास्त करून निवडणुकीच्या फलकांवर दिसतो, पण पूर्वी पुढे जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणाऱ्यालाही उमेदवार म्हणत. म्हणून मला उमेद ही आशेहून वेगळी वाटते. आशा सोप्यावर बसूनही करता येते. उमेदीत राबणं आलं. 'उमेदीची वर्षं' आपण म्हणतो, 'आशेची वर्षं' म्हणत नाही.

हिरमुसणं वेगळं. जत्रेत खाजं घेऊन दिलं नाही की मूल हिरमुसतं, घरी पोचेपर्यंत विसरतंही. आणि खचणं तर फारच पुढचं. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध आधी आतून खचत जातो, मग एका भरतीला खारं पाणी शेतात शिरतं. मुलांचं मन तिथवर जायच्या आधी आपल्या लक्षात यायला हवं, आणि त्यासाठी नेमका शब्द हवा. 'निराश झाली' म्हटलं की बोलणारा नामानिराळा राहतो आणि दोष पोरीच्या मनावर येतो.

राहता राहिला हेल. आमच्या गावात देवळापुढच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या मराठी नाटकं झाली. ती करणारे घरी कोकणीच बोलत होते. त्यांच्या मराठीत कोकणी हेल असेल नाही तर काय असेल? तो आमच्या मातीचा आहे. तो काढून टाका म्हणणाऱ्याला गोव्यातली मराठी कळलेली नाही, असं मी स्पष्ट म्हणते.

यंदाच्या जत्रेच्या नाटकात तिला काम द्यायचं आम्ही ठरवलंय. तिने अजून हो म्हटलेलं नाही. काल रात्री मात्र संहिता तिच्या उशाशी होती.